डायरीत आपलीही तारीख

आशा स्वयंसेविकेचं काम तारखांवर चालतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचं. बाळंतपण घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवसाचीही भेट. पुढे बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी एक फेरी. शिवाय गरोदर बायकांच्या तपासण्या, लसीकरण, जंतनाशक गोळ्या, क्षयरोगाच्या रुग्णाची औषधं. माझ्या डायरीचं कुठलंही पान उघडलं, तरी कोणाच्या ना कोणाच्या नावासमोर तारीख सापडेल. बरीच वर्षं त्या डायरीत माझं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. ते कसं आलं आणि त्यासाठी काय काय जुळवावं लागलं, ते सांगायला बसले आहे. माझ्यासारख्या आशाताई आणि घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या कितीतरी बायका याच ठिकाणी अडकलेल्या मी रोज पाहते, म्हणून.

तारीख ठरलेली असली की काय होतं, हे मला बाळांनी शिकवलं. तिसऱ्या दिवशी घरी गेले की साबणानं हात धुते, बाळाला झोळीत ठेवून काट्याला लावते. काटा अडीच किलोच्या अलीकडे थांबला, तर त्या बाळाकडे जास्त लक्ष द्यायचं. मग काखेत थर्मामीटर, नाळ कोरडी आहे का ते पाहणं, अंगावर ओढलेलं दूध नीट गिळतंय का ते पाहणं, आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजून लगेच दवाखाना. ही पद्धत गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा आशांच्या कामाचा भाग झाला. यात कुठलं महागडं यंत्र नाही. ठरलेल्या दिवशी एक ठरलेलं माणूस दारात उभं राहतं, एवढ्यावर बाळं वाचतात. ही गोष्ट मला पुढे स्वतःसाठी उपयोगी पडली.

माझं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. दसरा झाला की गाव ऊसतोडीला निघतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो आणि अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. परत येतात ते पाडव्याच्या आसपास. त्यामुळे माझ्या कामाला दोन हंगाम आहेत. गाव निघायच्या आधी दिवस पुरत नाहीत. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या बाळाची कोणती लस राहिली, कोणाच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड द्यायचं, हे सगळं त्या आठवड्यांत उरकायचं असतं. गाव गेलं की मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. मग त्यांची दुखणी माझ्याकडे येतात. आणि घरी माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. म्हणजे दिवसा गावाची आशा आणि रात्री आत्यांची.

आशा हे पद २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, त्याच गावची. आम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहोत. मोबदला बराचसा कामावर मिळतो, म्हणजे बाळाच्या भेटी पूर्ण झाल्या की त्याचा, बाळंतीण दवाखान्यात नेली की त्याचा. काम झालं नाही, तर त्या कामाचा पैसा नाही. आजारी पडलो तर हक्काची पगारी रजा नाही आणि बदली माणूसही नाही. वस्तीत कोणाला रात्री कळा सुरू झाल्या की फोन माझा वाजतो. रुग्णवाहिका बोलवायची, सोबत जायचं, ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर उजाडेपर्यंत बसायचं आणि परत येऊन सकाळच्या लसीकरणाला हजर राहायचं.

आमच्याकडच्या ऊसतोडीच्या बायकांचं गणित यापेक्षा कडक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड लागतो आणि तो उचलीवर चढतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, अंगात ताप असताना बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, ती या खाड्याच्या भीतीनं. पोटात दुखतं, अंगावरून जातं, पण दाखवायला वेळ नाही. दुखणं वाढत जातं आणि शेवटी कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. माझ्या वस्तीतही अशा बायका आहेत. तिशी-पस्तिशीतच पिशवी काढलेली, कंबर धरून चालणाऱ्या, रात्री अंगाची आग होते म्हणून उठून बसणाऱ्या. त्यांच्या दारात बसून मी तपासणीचं सांगायची, तेव्हा उत्तर एकच असायचं. "एवढा सीझन उरकू दे ताई, मग बघू."

तेच वाक्य आम्ही आशा आमच्या मासिक बैठकीत एकमेकींना ऐकवत होतो. एवढा सर्व्हे उरकू दे. एवढी मोहीम संपू दे. सर्व्हेनंतर मोहीम येते आणि मोहिमेनंतर सर्व्हे. २०२० च्या एप्रिलमध्ये कारखान्यांवर अडकलेले आमचे लोक परत आले, तेव्हा त्यांच्या याद्या करणं, त्यांना शाळेत वेगळं ठेवणं, रोज दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासणं आमच्याकडे आलं. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि पुन्हा घरोघरी फेऱ्या. त्या काळात मी घराच्या ओसरीवर झोपायची, मुलांना जवळ घ्यायची नाही. साथ ओसरली तरी झोप पूर्वीसारखी झाली नाही. डोळा लागला की फोन वाजल्याचा भास व्हायचा. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आम्ही सगळ्या मनापासून आनंदलो. आपलं काम जगानं पाहिलं, याचं बळ मोठं होतं.

त्याच वर्षी नवरात्रात राज्यभर 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तपासणी करायची होती. उपकेंद्रावर बायकांना आणायचं काम आमचं. मी वस्तीवरून बायका गोळा करून आणल्या, रांगेला लावल्या, नावं लिहून घेतली. दुपारी गर्दी सरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, अठरा वर्षांवरच्या तुम्हीही आहात. बसा." त्यांनी दंडाला पट्टा बांधला. वरचं १६०, खालचं १००. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी आकडा उतरला नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. गरोदर नसलेल्या बाईचं ते बारा तरी हवं, हे मी शेकडो बायकांना सांगत आले होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली, लोहाच्या गोळ्या दिल्या, ठेचा, लोणचं, पापड कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "स्वतःसाठी वेळ काढा. झोप घ्या." सल्ला अगदी बरोबर होता. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, की हा वेळ काढायचा कुठून? माझा प्रत्येक तास कोणाच्या तरी गरजेला बांधलेला होता. मी रात्री सलग झोपायचं, तर आत्यांना कुशीवर कोण वळवणार? फोन बंद ठेवायचा, तर कळा सुरू झालेल्या पोरीनं कोणाला बोलवायचं? सेवा करणाऱ्या बाईला वेळ काढ म्हणणं सोपं आहे, पण तिनं हातातलं काम खाली ठेवायचं तर ते धरायला दुसरा हात लागतो. तो हात उभा केल्याशिवाय वेळ निघत नाही. पुढच्या काही महिन्यांत मी हे हात शोधत गेले.

पहिला हात घरातच होता. आत्यांचं सगळं मीच करत होते, कारण बाईचं बाईनंच करायचं अशी रीत. नवऱ्याला मी समोर बसवून शिकवलं. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा आणि कंबर एकाच वेळी धरून वळवायचं, ओढायचं नाही. पाठीमागे उशी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी. कातडी लाल झालेली दिसली तर चोळायचं नाही, त्या बाजूवर निजवायचं नाही. त्याला ते दोन दिवसांत जमलं. वेळ लागला तो आत्यांना. मुलाच्या हातून अंग पुसून घ्यायची त्यांना लाज वाटायची. मग असं ठरलं, की अंघोळ आणि स्वच्छता मी करायची, रात्रीचं वळवणं आणि पाणी पाजणं त्यानं. सुट्टीत मोठा मुलगाही करू लागला. एका रात्री मी सवयीनं उठून गेले, तर आत्या जड जिभेनं म्हणाल्या, "तू नीज. तो आहे ना." त्यानंतर आत्यांसाठी मला रात्री उठावं लागलं नाही.

दुसरा हात शेजारच्या गावच्या आशाताईचा. दोघींच्या वस्त्या लागून आहेत. आठवड्यातून एक रात्र माझे फोन तिनं घ्यायचे आणि एक रात्र तिचे मी. नियम साधे ठेवले. कळा, अंगावरून रक्त जाणं, झटके, बाळानं दूध सोडणं, बाळाचा श्वास जोरात चालणं, साप चावणं, यासाठी मध्यरात्रीही फोन करा. कार्ड हरवलं, गोळ्या संपल्या, अर्जावर सही हवी, यासाठी सकाळी. सरपंच, अंगणवाडीताई आणि सिस्टर यांच्या कानावर घातलं, ग्रामआरोग्य दिवशी बायकांना समजावलं. लोक नाराज होतील असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. काही म्हाताऱ्या तर म्हणाल्या, "बरं केलंस बाई, तुझं तोंड बघवत नव्हतं." पलीकडे कोणीतरी जागं आहे, एवढा भरवसा त्यांना पुरला. फोन माझ्याच हातात असावा, असा हट्ट गावाचा कधी नव्हताच.

तिसरी गोष्ट आमच्या मासिक बैठकीत घडली. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आम्ही एक फॉर्म भरतो, सीबॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, याचे गुण मांडायचे. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की तिथूनच गुण चढायला लागतात. गटप्रवर्तक ताईंना आम्ही म्हणालो, या बैठकीत आमचे फॉर्म आम्हीच एकमेकींचे भरू. टेप फिरली, पट्टे बांधले गेले. रक्तदाब वाढलेली मी एकटी नव्हते. एकीच्या तोंडात पांढरा चट्टा होता, मशेरीची सवय. तिला लगेच दंतवैद्याकडे पाठवलं.

फॉर्मच्या शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटलं का. हे प्रश्न आम्ही गावभर विचारत फिरतो. आम्हाला ते कोणी विचारले नव्हते. जोडीजोडीनं बसून विचारले, तेव्हा हॉल बराच वेळ शांत होता. एक जण खूप वेळानं म्हणाली, "रोजच वाटतं." तिच्या वस्तीतली एक बाळंतीण वाटेत दगावली होती आणि त्यावर ती कोणाशीच बोलली नव्हती. ती पुढे जिल्हा रुग्णालयात दाखवून आली, औषध घेतलं, आता बरी आहे. तेव्हापासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आम्ही प्रत्येकीच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दगावलेल्या बाळाचं, बाईचं दुःख आशाच्याही अंगावर येतं. ते नोंदवहीत लिहून संपत नाही, कोणाशी तरी बोलावंच लागतं.

हे हात उभे राहिले, तेव्हा डायरीत माझ्या नावानं तारखा आल्या. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी उपकेंद्रात रक्तदाब मोजून गोळ्या आणणं. ऊसतोडीला गाव गेलं की कामाचा जोर थोडा कमी होतो, त्या दिवसांत रक्ताच्या तपासण्या, डोळे, तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. आठवड्यातल्या त्या एका रात्री सलग झोप. गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळात बसणं. लग्नाआधी मी पेटी वाजवायची, ती पुन्हा हाताला लागली. आणि पंचमीला माहेर. पावसाळ्यात डेंग्यूच्या फेऱ्या चालू असतात, पण दोन दिवस शेजारची ताई माझी वस्ती बघते आणि महालक्ष्म्यांच्या सणाला मी तिची बघते. या तारखांना मी बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीइतकाच मान देते. कोणी नवीन काम सांगितलं, की डायरी उघडून म्हणते, त्या दिवशी माझी तारीख आहे, दुसरा दिवस सांगा.

यानं माझ्या कामाचं नुकसान झालं का, असं मला विचारतात. झालं उलट. झोप पुरी झालेली बाई श्वास नीट मोजते, चिडत नाही, ऐकून घेते. ऊसतोडीला निघालेल्या बाईला मी आता रक्तदाबाची गोळी चुकवू नको म्हणते, तेव्हा पिशवीतली माझी पट्टी काढून दाखवते. "मलाही आहे. मी रोज घेते." ती पट्टी हातात घेऊन बघते आणि स्वतःचीही मागून घेते. आणखी एक बदल झाला. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे, तिथं मी आधी रुग्णाची चौकशी करून निघत असे. आता निघण्याआधी सेवा करणाऱ्या बाईला चार गोष्टी विचारते. रात्री कोण उठतं? तुमचं जेवण वेळेवर होतं का? पाठ दुखते का? तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला? बहुतेक घरांत शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसतं. मग तिथंच दंडाला पट्टा बांधते. घरात दुसरं माणूस असेल, तर त्याला वळवायचं कसं ते शिकवूनच उठते.

सगळंच आम्ही आपसात जुळवावं, असं माझं म्हणणं नाही. २०२३ च्या अखेरीस राज्यातल्या आशांनी संप केला आणि २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं मानधनात दरमहा पाच हजारांची वाढ केली. त्या वाढीमुळे एखादं काम हातचं गेलं तरी घर चालतं, म्हणून तिचा विश्रांतीशी थेट संबंध आहे. आता हक्काची पगारी रजा, बाळंतपणात आणि आजारपणात बदली माणूस आणि वर्षातून एकदा आमची स्वतःची पूर्ण तपासणी हवी. शेजारणीच्या भल्या मनावर उभी राहिलेली सोय तिच्या घरात अडचण आली की मोडते. नियमानं मिळालेली रजा मोडत नाही. ऊसतोडीच्या बाईलाही हेच हवं आहे, आजारपणाच्या दिवसाचा दंड नको.

ज्या घरात कोणी आजारी, म्हातारं किंवा तान्हं आहे, त्या घरातल्या बाकीच्यांना माझी विनंती आहे. सेवा करणाऱ्या बाईला नुसतं 'स्वतःकडे लक्ष दे' म्हणू नका. तिच्याकडून एक काम शिकून घ्या, आठवड्यातली एक रात्र आपल्याकडे घ्या आणि तिला दवाखान्यात नेऊन तिचा रक्तदाब मोजून आणा. आणि माझ्या आशाताईंनो, उद्या डायरी उघडाल तेव्हा आधी आपलं नाव लिहा, त्यासमोर तारीख लिहा आणि त्या दिवशी तुमची वस्ती कोण बघणार, तिचंही नाव लिहा. दोन्ही नावं असतील, तरच ती तारीख पाळली जाते.